तुलसाच्या गोठ्यातल्या दुपारी

२ नोव्हेंबर, रविवार

चिठ्ठीत तुलसा निघाली!

आज चर्चमध्ये उपदेशाचा विषय होता – जे आपल्या ख्रिस्ती विश्वासातले नाहीत त्यांच्याशी शहाणपणानं वागा, हाती आलेली वेळ दवडू नका. मग महिला मंडळात चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकीनं एका बाहेरच्या घरी रोज जायचं, वचन सांगायचं. थांगी मंडळाची प्रमुख. म्हणाली, "झोमी, तुझी मजा आहे. तुला नुसतं कुंपण ओलांडायचंय."

खरं आहे. एकोणीस वर्षं शेजारच्या या नेपाळी तुलसाच्या गायीचं दूध पिते आहे. कुंपण एकदाही ओलांडलेलं नाही. माझ्या सगळ्या संध्याकाळी चर्चमध्येच जातात, वेळ कुठे असतो – असं मी म्हणत आले.

३ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी तीनला गेले. बायबल काखेत. तुलसा गोठ्यात कैली गायीला चारा घालत होती. "दिदी, दूध कमी पडलं का?" म्हणाली. म्हटलं नाही, बोलायला आले. ती गोंधळली, पण पोतं अंथरून दिलं.

अर्धा तास बोलले. घरी आल्यावर लक्षात आलं – नवरा, छुआना, गेल्यापासून, म्हणजे वर्षभरात, इतका वेळ सलग कुणाशी बोललेच नव्हते. लेकीचा, मावीचा, फोन येतो बंगळुरूहून, पण तो दोन मिनिटांचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का. संपलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एक तास.

५ नोव्हेंबर, बुधवार

दीड तास! त्यात वचन पाच मिनिटं. बाकी सगळा छुआना. त्याचं शेवटचं आजारपण, त्याचा हट्टीपणा, मिरचीशिवाय त्याला घास उतरत नसे ते. ही वेळ सार्थकी लागली की वाया गेली, देवालाच माहीत. तुलसा धार काढता काढता "हं, मग?" म्हणत राहते. शेवटी मी प्रार्थना केली तर तिनं डोळे मिटले, हात जोडले. आमेनही म्हणाली. अगदी स्पष्ट.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मंडळात सांगितलं – तिचं मन वळतंय. थांगीनं पाठीवर थाप मारली. "चौदा जणींत तुझ्याच हाताला यश आलं गं." ठरलं, रविवारी सगळ्यांनी ढोल घेऊन तिच्या दारी जायचं, गायचं. जेवण मी शिजवून न्यायचं. मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी चारचौघींत कुणी माझं नाव घेतलं.

९ नोव्हेंबर, रविवार

काय करून बसले मी.

पहाटेपासून मोठ्या पातेल्यात मांस घालून मऊ भात शिजवला. लग्न असो, मयत असो, आपल्या माणसाला आपण मिझो हेच वाढतो. काल बाजारातून चांगलं कोवळं गोमांस आणलं होतं. मनात काही आलंच नाही. एकदाही नाही!

चौदा बायका, ढोल, गाणं. तुलसा हसत दारात आली. मी वाटी तिच्या हातात दिली. तिनं वास घेतला. "दिदी, यात काय आहे?" मी तोंड उघडायच्या आत थांगीनं कौतुकानं सांगून टाकलं. कैली तीन पावलांवर बांधलेली होती.

तुलसानं वाटी ओट्यावर ठेवली. हळूच, सांडू न देता. आत गेली आणि कडी लावली. मागच्या बायकांना काही कळलं नाही, त्यांचं कडवं चालूच होतं.

परतताना थांगी म्हणाली, "सैतानानं फिरवलं तिला." मी म्हटलं, "सैतानाला कशाला मध्ये घालतेस? पातेलं माझं होतं."

१० नोव्हेंबर, सोमवार

दूध पायरीवर ठेवलेलं. हाक नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजही तसंच. घर खायला उठतं. मावीला सांगितलं तर म्हणते, "आई, दूधवालीच ना? दुसरी बघ." मी फोन ठेवून दिला.

इथे कुणी वाचणार नाही, मग खोटं कशाला लिहू? तिच्या आत्म्याची काळजी मला पहिल्या दिवशी होती. नंतर मला फक्त दुपारचे तीन वाजायला हवे असायचे. आणि ते मी घालवलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज बायबल घरीच ठेवलं. गोठ्याच्या दारात उभी राहिले. "तुलसा, माझं चुकलं. मी विचार करायला हवा होता. आणि तू आमेन म्हणालीस तेव्हा मला वाटलं..."

तिनं धार थांबवली नाही. म्हणाली, "साहेब गेल्यापासून तुमच्या घरातून माणसाचा आवाज नाही, दिदी. वाटलं, बाई बोलतेय तर बोलू दे. आमेन म्हटलं की तुम्ही खूश होऊन दुसऱ्या दिवशी यायच्या. म्हणून म्हणत होते."