पाठीवरचं नाव

वळ, ता. भिवंडी
सोमवार, २१ जानेवारी २००८

प्रिय दीपेशदादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. आम्ही सगळे बरे आहोत, माझे पाय सोडून. कालपासून ओट्यावरून खाली उतरायचं तरी भिंत धरावी लागते. तुझे दाजी हसतात. हसू देत.

खारबाव इथून रिक्षाने अर्ध्या तासावर, आणि मी पोस्टाने पत्र पाठवते आहे. पण फोन तू उचलत नाहीस, आणि समोर आले की मी भांडते. आठ महिने झाले दादा. मला तू परत हवा आहेस. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि हेच राहून जाईल.

तर काल मी धावले. मी! मृणालीला बोलायला शिकवणाऱ्या संघरत्ना मॅडम आहेत, आठवड्यातून दोनदा आम्ही ठाण्याला त्यांच्याकडे जातो. ज्या पोरांना बोलणं जड जातं, शब्द जुळत नाहीत, त्यांच्यासाठी भिवंडीतच केंद्र काढायचं म्हणून त्यांनी ही दौड ठेवली. खारबाव स्टेशनापासून जाऊन-येऊन सहा किलोमीटर. धावणाऱ्याच्या नावाने लोकांनी देणगी द्यायची. महिनाभर सकाळी मी गोडाऊनच्या रस्त्याने धावत होते. ट्रकवाले ओरडायचे, "भाभी, किसके पीछे भाग रही हो?" शेजारच्या सीताबाई म्हणाल्या, "नवरा मागं लागलाय का गो?" मी म्हटलं, त्याला कुठला एवढा दम!

खरं सांगू? धावताना बरं वाटायचं. घरात बसलं की जीव नुसता खालीवर होतो. मृणाली पाच वर्षांची झाली. समोर येते, तोंड उघडते, आणि तिचा शब्द येईपर्यंत मीच बोलून मोकळी होते. पाणी हवं? भूक लागली? बाहेर जायचं? मॅडमनी मला किती वेळा झापलं. "भाविकाताई, विचारलं की मनात दहा मोजा. तिच्या वतीने बोलू नका." दहा! मला तीनपर्यंत धीर निघत नाही.

दौडीच्या फॉर्मवर एक ओळ होती, 'कोणासाठी धावता?' ते कापडावर छापून पाठीला लावायचं होतं. मी लिहिलं, 'गरीब मुलांसाठी'. मॅडमनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि फॉर्म ठेवून घेतला. घरी येता येता कळलं, मी मृणालीला पुन्हा लपवलं. दादा, तुझ्या हळदीला मी हेच केलं होतं.

तू मृणालीला धाकटी करवली करणार होतास. पिवळा फ्रॉकसुद्धा तूच आणलास. पण करवली म्हटली की जो तो तिला नाव विचारणार. त्याआधी एका लग्नात कोणीतरी पटकन म्हणालं होतं, "पोर मुकी हाय का?" ते माझ्या डोक्यातून जाईना. मी तिला सीताबाईंकडे ठेवलं आणि एकटीच आले. मांडवात लग्नाची गाणी, आपले धवळे, म्हणता म्हणता थांबून गावच्या आक्काने विचारलं, "पोर कुटं हाय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "गोवर आलाय तिला."

गोवर आलेल्या घरातल्या बाईचा हात नवऱ्यामुलाच्या हळदीला चालत नाही, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. आक्काने वाटी मागे घेतली. सख्ख्या बहिणीशिवाय तुला हळद लागली, आणि मी खांबाला टेकून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी तू पूजेचा प्रसाद घेऊन आलास, तर मृणाली अंगणात उड्या मारत होती, अंगावर एक डाग नाही. तू प्रसाद ओट्यावर ठेवलास आणि निघून गेलास. तुला वाटलं, वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायच्या कागदावर तू माझी सही घेतलीस, त्याचा मी राग धरला.

जमिनीसाठी नाही रे दादा. मला माझ्या पोरीची लाज वाटली. लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतंय, पण तेच खरं आहे.

काल सकाळी स्टेशनाबाहेर मॅडमकडून जाड पेन मागून घेतलं. छापलेलं खोडलं आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मृणाली, माझी मुलगी'. तिला तो पिवळा फ्रॉक घातला होता. आखूड होतो आता, गुडघ्याच्या वर जातो. धावताना तुझ्या घरावरून गेले. मोटारसायकल अंगणात होती, दार लोटलेलं होतं. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा पाय उचलला नसता.

शेवटाला गावातल्या बाया उभ्या होत्या, त्यांच्यात आक्का. म्हणाली, "पाठीवर काय लिवलंय गो?"

"माझ्या पोरीचं नाव हाय, आक्का. तिला बोलता येत न्हाय, तिच्यासाठी धावले."

"आनि तवाचा गोवर?"

"गोवर नव्हता."

आख्ख्या गावाची लग्नं गाऊन लावणारी ती बाई मृणालीपुढे उकिडवी बसली. "नाव काय गो तुजं?"

माझ्या जिभेवर आलं होतं. मी ओठ दाबून धरले. एक, दोन, तीन. आठला बाया कुजबुजायला लागल्या. दहा झाले, मी तशीच मोजत राहिले. सतराला मृणाली म्हणाली, "मिनाली." अर्धंमुर्धं, पण मोठ्याने. आक्काने तिच्यावरून बोटं मोडली आणि मी तिथेच रस्त्यावर बसून रडले.

तुझी हळद आता परत लागायची नाही, मला कळतं. पण हे आठ महिने मी तुझीही उत्तरं मनात देत आले. दादाला माझी गरज नाही, दादाने तोडून टाकलं, सगळं मीच बोलले तुझ्या वतीने. आता नाही बोलणार. फक्त विचारते: दादा, येशील?

दहाच्या पुढेही मोजत बसलेली,
तुझी भाविका