कप नाही, तरी फळ्यावर

तेर रूज,
सोमवार सकाळ

अहो,

ऐकलंत का, तुमचं नाव फळ्यावर चढणार! क्लबाच्या नव्या हॉलात, दारातून आत शिरल्याबरोबर समोर दिसेल असं, पांढऱ्या रंगात! काल दुपारी सभा झाली आणि आज सकाळी नळावर तीच बोलणी, बसथांब्यावर तीच, चिन्याच्या दुकानात तीच. गावात कोणाला सांगायचं राहिलंच नाही. राहिलेले एकटे तुम्ही, म्हणून चुलीवर डाळ ठेवून लिहायला बसले आहे. डाळ करपली तर दोष तुमचा!

हसू नका. तुम्ही गेलात त्याला आता वर्ष होत आलं, आणि वर्षभरात मी एवढी भरभर बोलले नव्हते, लिहिणं तर दूरच. आज हात थांबत नाही.

जुना हॉल त्या मोठ्या वादळात उडाला, पत्रे शेजारच्या उसात जाऊन पडले, ते तुम्हीच तर वेचून आणले होते. आता तिथे सिमेंटचा हॉल उभा राहिला आहे. खिडक्यांना काचा आहेत! तर गेल्या आठवड्यात समितीने ठरवलं की भिंतीवर एक मोठा लाकडी फळा लावायचा आणि क्लबाच्या मोठ्या बास्केटबॉल खेळाडूंची नावं त्यावर कायमची रंगवायची. पण मोठा कोणाला म्हणायचं? पांडूकाकांनी सोपं उत्तर काढलं. ज्याने कप आणला तो मोठा. नावापुढे ‘कप’ असं लिहायचं, संपलं.

तुमचे सख्खे चुलते! तुम्हाला खांद्यावर बसवून फिरवणारे! त्यांनीच तुम्हाला बाहेर ठेवलं. कारण क्लबाने आयुष्यात एकच कप जिंकला आणि त्या वर्षी तुम्ही कुबडी घेऊन कडेला उभे होतात.

मला केवढा राग आला होता, काय सांगू! फळ्याच्या यादीत रामा होता, ठाऊक आहे? रामा! जो कपाच्या सामन्यात मैदानात उतरलासुद्धा नाही, बाकावर बसून पोरांना अननस सोलून देत होता. त्याच्या नावापुढे कप. आणि ज्याचा खेळ बघायला राजधानीची, पोर्ट लुईची माणसं बस धरून आपल्या धुळीच्या मैदानावर यायची, त्याच्या नावाला जागा नाही. आठवडाभर मी भाकरी थापली ती पांडूकाकांच्या नावाने.

तुम्ही खेळायला लागलात तेव्हा आपलं लग्न नवीन होतं. चिन्याच्या दुकानातला आकिम कॉलेजात शिकून हा खेळ गावात घेऊन आला आणि तुम्ही दोघांनी रमच्या पिंपाचं लोखंडी कडं काढून दुकानामागच्या आंब्याला ठोकलंत. सासूबाई म्हणायच्या, टोपल्या डोक्यावर वाहून आमची मान मोडली आणि हा टोपलीत चेंडू टाकतो! मीही हसले होते. रस्त्याच्या कामावरून दमून यायचं, चहा घ्यायचा आणि पुन्हा उड्या मारायला पळायचं, हे काय शहाण्या माणसाचं काम?

मग एकदा मी पाणी आणायला म्हणून निघाले आणि कुंपणाआडून बघितलं. तुम्ही उडी मारलीत. सगळेच मारत होते. पण बाकीचे खाली आले तरी तुम्ही वरच होतात! वर थांबून तुम्ही इकडे बघितलंत, तिकडे बघितलंत, जणू दुकानात कुठला साबण घ्यावा ते ठरवताय, आणि मग हलकेच चेंडू सोडलात. माझ्या हातातली बादली कलंडली. ओल्या पायांनी घरी आले आणि सासूबाईंना म्हटलं, नळावर गर्दी होती.

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आधीच डोक्यावर बसला असतात.

तो गुडघा नसता तर! मैदानाच्या कडेला दगडांची रास होती, ती हलवा हलवा म्हणून मी किती वेळा बोलले. पोरं म्हणाली, पुढच्या रविवारी. तुमची उडी त्या राशीवर उतरली, आणि तेव्हापासून आपल्या घरात आणखी एक माणूस राहायला आलं, तुमचा गुडघा. त्याला तेल, त्याला शेक, त्याला उशी. बरा झाला म्हणेपर्यंत पुन्हा सुजलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा मोसम विसरा. तुम्ही मान डोलावलीत, आणि फायनलच्या दिवशी पँटच्या आत फडकं आवळून पोर्ट लुईच्या बसमध्ये चढलात. खरं की नाही? कोणाचं ऐकलंत? माझं? डॉक्टरांचं?

म्हणून सांगते, काल पांडूकाका बोलायला उभे राहिले तेव्हा मला रागावताही आलं नाही. कारण ते खोटं बोलत नव्हते.

काका म्हणाले, “मी कॅप्टन व्हतो. अर्धा खेळ झाला तवा आमी पुढं व्हतो, त्याच्यामुळंच पुढं व्हतो, न्हाय म्हनत न्हाय. मग त्याचा पाय अडकला. मी हात केला, बाहेर ये. त्यानं बघितलं आन् न्हाय आला. लंगडत ऱ्हायला, आन् आमी फायनल हरलो. पुढच्या वर्षी त्याच्याबिगर जिंकलो. माझा पुतन्या हाय म्हनून मी फळा वाकडा करनार न्हाय.”

आम्ही बायका मागच्या बाकांवर होतो. शेजारच्या यमुनाने माझा हात धरला. मी मनात तुम्हाला म्हटलं, आता काय उत्तर देऊ, सांगा! एकदा बाहेर आला असतात तर काय बिघडलं असतं?

मग रामा उठला. तोच, अननसवाला. त्याचे कान लाल झाले होते. “काका, मी त्या मॅचला मैदानात पाय न्हाय ठेवला. माझं नाव वर आन् त्याचं न्हाय? मो ओंते, काका. लाज वाटते मला. पोरं इचारतील, तू काय केलंस, तर मी काय सांगू?” लोक हसले, पण टिंगलीने नाही. ज्याच्यावर आठवडाभर दात खाल्ले तोच पहिला उभा राहिला, बघा. आज त्याच्या घरी वाटीभर लोणचं पाठवणार आहे.

आकिमही बोलला. तो बापडा हिशोबाशिवाय कधी बोलत नाही, पण काल खुर्चीवरून उठून दोन्ही हात वर करून ओरडला, “ली ती पे वोले! उडायचा तो, उडायचा!” एवढंच बोलून खाली बसला.

अध्यक्ष म्हणजे आपले मिस्ये अंतुआन, शिंपी. माणूस भला, पण टाका तिरका गेला तर अख्खी बाही उसवणारा. ते म्हणाले, भावना ठीक, पण कोणीतरी रीतसर ठराव मांडावा लागेल. कोण मांडतंय? रामा काकांकडे बघू लागला. आकिम छताकडे. बाकीचे आपापल्या चपलांकडे. आणि मी उभी राहिले! पाय माझे, पण उभं कोणी केलं, देव जाणे.

म्हटलं, “मी मांडते. आमच्या ह्यांचं नाव फळ्यावर लिहावं.”

“बॉन,” अंतुआन म्हणाले आणि चष्मा नाकावर चढवला. “मादाम, की नों? नाव मोठ्याने बोला, बोललेलंच नाव लिहिलं जाईल.”

“ह्यांचं,” मी म्हटलं. “घरच्यांचं.”

“घरच्यांचं म्हणजे कोणाचं?”

अहो, अख्खा हॉल फुटला! आपली मराठी मंडळी हसून लोळायची बाकी, भोजपुरी बायका पदर तोंडात कोंबताहेत, कारण त्यांच्यातही नवऱ्याचं नाव कोण घेतं? आणि मध्ये अंतुआन बिचारे गोंधळून विचारताहेत, काय झालं, मी काय चुकीचं बोललो? त्यांची बायको त्यांना दिवसभर नावाने हाका मारते, त्यांना काय कळणार! यमुना खदखदत ओरडली, “उखाना घे गं, उखाना!”

आणि ओरडल्यावर तिनेच तोंडावर हात मारला.

कारण उखाणा सवाष्णीने घ्यायचा. माझं कपाळ मोकळं आहे, हे तिच्या मागाहून लक्षात आलं. हसणं एकदम बंद पडलं. कोणीतरी मागून म्हणालं, “बस गं पारू, काका सांगतील नाव.” पण काका मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, आता मी खाली बसले तर तुमचं नाव या हॉलात कोणीच घेणार नाही. नियमात बसत नाही म्हणून काका घेणार नाहीत, रीतीत बसत नाही म्हणून मी घेणार नाही. मग तुम्ही जायचं कुठे?

मी पदर खोचला आणि म्हटलं,

“तेर रूजच्या मैदानात गाळला सगळ्यांनी घाम,
कप नाही आला हाती, तरी फळ्यावर हवेत सखाराम!”

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! नव्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. यमुना रडत होती आणि टाळ्या वाजवत होती. लग्नात उखाणा घेताना माझा आवाज पुढच्या ओळीलाही ऐकू गेला नव्हता, तुम्हीच चिडवायचात. काल रस्त्यावरच्या बसमधल्या लोकांनी वळून पाहिलं!

पण काका उठले. डोळे ओले, पण मान ताठ. “पोरी, लई ग्वाड बोललीस. पर नेम तो नेम. कप न्हाय त्याचं काय लिवायचं?”

आता मात्र माझी जीभ सुटली. म्हटलं, “काका, कप कपाटात ठेवलाय ना? काचेच्या? येणारा जाणारा बघतो ना? मग जे कपाटात दिसतं ते फळ्यावर परत कशाला? जे कपाटात मावलं न्हाय त्याला फळा लागतो. ते हट्टी होते, मी ऱ्हायलेय त्या हट्टासंगं. त्यांच्यापायी तुमी हरलात, तेही खरं. पन काका, त्यांच्यासारखी उडी तुमी परत कुनाची बघितलीत? सांगा, आन् मी गप बसते.”

काका हळूच खाली बसले. मग म्हणाले, “न्हाय बघितली.” एवढंच.

हात वर झाले. मोजायची गरजच पडली नाही. रामाचा हात सर्वांत उंच होता, आयुष्यात पहिल्यांदा त्याने एवढी उडी मारली असेल!

आणि आता खरी गोष्ट ऐका. सगळे उठत होते तेवढ्यात काका माझ्याजवळ आले. हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “मी रंगवाल्याला सांगतो. नावापुढं ‘कप’ लिवून टाकू सगळ्यांसारखं. मोकळं बरं न्हाय दिसत. कोन इचारतंय?”

एवढा वेळ नियम नियम करणारा तो म्हातारा, माझ्यासमोर उभा राहून तुमच्यासाठी खोटं लिहायला निघाला होता. क्षणभर मला मोह झाला, खरंच सांगते. तुम्हाला तो कप किती हवा होता, मला माहीत आहे. जिंकून आलेल्या पोरांना तुम्ही कुबडीवरून मिठ्या मारल्यात, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलात. तुमच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ हलत होती. वाटलं, लिहू दे. कोण विचारतंय?

पण म्हटलं, “न्हाय काका. ते जे व्हते तेवढंच लिवा. नुसतं नाव. पुढची जागा मोकळी ऱ्हाऊ दे.” काका माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले, आणि मग मीही.

रागावलात? रागवा. पण आता लोकांना जोर चढला आहे. काल म्हणत होते उडायचा, आज सकाळी नळावर एक बाई सांगत होती की तुम्ही लोखंडी कड्याच्या वर बसायचात. वर्षभराने म्हणतील कप तुम्हीच आणलात. तेव्हा वचन देते, मी असेपर्यंत तुमच्याबद्दल असं काही चालू देणार नाही. हॉलात येऊन कोणी विचारेल, या नावापुढे काही का नाही, तर मी सांगेन की जिंकले नाहीत म्हणून. गुडघा गेला होता, ऐकायचे नाहीत, आणि त्यांच्यामुळे फायनल हातची गेली. सगळं सांगेन, काही लपवणार नाही. आणि तो निघून जायला लागला की त्याचा हात धरून म्हणेन, थांबा, अजून उडीचं सांगायचं राहिलंय!

तुमची,
पार्वती