भाऊजींच्या विरुद्ध लिहिलेली पाटी

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखरच साष्टांग. कंबर धरली आहे, वाकलो की उठता येत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी नीट जेवतात ना? मी बरा आहे असं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. खरं म्हणजे महिना झाला तुझ्या घराचं दार मला बंद आहे आणि जिवाला चैन नाही.

तुझा राग कळतो, पण एकदा ऐकून तरी घे. आमच्या वाहिनीवर सामन्याआधी आम्हा फुटबॉलतज्ज्ञांना (तज्ज्ञ म्हणजे गुडघे गेलेला पण तोंड शाबूत असलेला माजी खेळाडू) पाटीवर खडूने निकाल लिहून कॅमेऱ्यासमोर धरावा लागतो. भाऊजी प्रशिक्षक झाल्यापासून दर शनिवारी मी त्यांचाच विजय लिहिला. घरचा माणूस, दुसरं काय लिहिणार? त्यांची बचावफळी चाळणीसारखी गळायची, मी तिला पोलादी म्हणायचो. गोलरक्षक गोल झाल्यावर उडी मारायचा, मी म्हणायचो, गडी संयमी आहे. (शेजारी बसणारे टकलू तज्ज्ञही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. त्यांचा जावई दुसऱ्या संघात आहे. तो पाय घसरून पडला तरी त्यांना त्यात डावपेच दिसतो.) अकरा सामने, अकरा भाकितं, अकरा पराभव. हा पाटी धरतो म्हणूनच ते हरतात, असं लोक उघड म्हणायला लागले.

बारावा सामना हरले तर भाऊजींची नोकरी जाणार हे ठरलेलं होतं. त्या सकाळी ते माझ्याकडे आले आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "हात जोडतो बाबा, आज आमच्याविरुद्ध लिही." ज्या माणसाने जन्मात कधी शकुन-अपशकुन मानला नाही, तो माझ्या पनवतीला शरण आला! मला भडभडून आलं. मी लिहिलं : पराभव, तीन-शून्य. अक्षर इतकं वाकडं आलं की कॅमेरावाल्याने पुन्हा लिहायला लावलं.

आणि ताई, झालं तसंच. बरोब्बर तीन-शून्य. वाहिनीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, पुष्पगुच्छ दिला, साहेब म्हणाले, आज अभ्यास दिसला. समोर पडद्यावर भाऊजी एकटेच बाकाखालच्या रिकाम्या बाटल्या गोळा करत होते. तो गुच्छ मी जिन्यातच टाकून आलो.

त्यांनीच मला लिहायला सांगितलं, हे त्यांनी तुला सांगितलेलं दिसत नाही. मी सांगितलं असं त्यांना कळू देऊ नकोस. आधीच पुष्कळ गेलंय त्यांचं.

तुझा नालायक धाकटा

ता.क. भाऊजींना दुसरा संघ मिळेल का, असं मला विचारू नकोस. बाजूने बोललो तरी वाटोळं, विरुद्ध बोललो तरी वाटोळं.

ता.क. २ : ते हरणार हे त्या अकरा वेळाही मला ठाऊक होतं. डोळे आहेत मला. पण मैदानात उतरण्याआधी ते माझी पाटी बघतात, हे तूच एकदा बोलली होतीस.

ता.क. ३ : रविवारी जेवायला येऊ का? तू 'नको' म्हणशील, असं माझं ठाम भाकीत आहे. (बारापैकी अकरा चुकली आहेत, एवढं फक्त ध्यानात ठेव.)