दिल्लीला गेलेलं भांडण

दिल्ली, १८ जुलै २०२५

तीर्थरूप बाबांस,
तृप्तीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला नुसती घरघर ऐकू येते आणि मी ओरडले की सगळी छावणी ऐकते, म्हणून हे पत्र. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं प्रशिक्षण जोरात आहे. सैनिक, पोलीस, ऑफिसातले लोक, सगळे एकाच वर्गात. बंदूक दाराबाहेर ठेवायची, आधी पिकापाण्याची चौकशी करायची, दोन्ही बाजूंचं सारखंच ऐकायचं, असं शिकवतात.

काल प्रत्येकाने आपल्या मुलखातलं एक भांडण सरावासाठी मांडायचं होतं. मी तुम्हा दोघा भावांचं, तुमचं आणि मोठेबाबांचं मांडलं. धानाच्या रोवणीच्या वेळी पाळी मोडून तलावाचं पाणी कोणी सोडलं, तेच. नावंसुद्धा तीच ठेवली. केनियाचे एक पोलीस अधिकारी खांद्यावर दुपट्टा टाकून मोठेबाबा झाले आणि असे फुरंगटले की व्हिडिओ काढणारा आपला आंधळगावचा मंगेश हसून खालीच बसला. पण काय हवं असं विचारल्यावर ते म्हणाले की पाणी नको, धाकट्याने एकदा माझ्या अंगणात यावं. मला रडूच आलं.

बाबा, राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजली. गव्हाचे कोंब एकमेकांच्या कानावर खोवले की मागचं सारं विसरायचं, हे तुम्हीच शिकवलंत. यंदा तुम्ही जा. दक्षिण सुदानला निघण्याआधी सुट्टीवर येईन, तेव्हा तुम्हा दोघांच्या पाया मला एकाच अंगणात पडायचं आहे.

आईला नमस्कार. लोभ सुदानपर्यंत पुरेल इतका असू द्यावा.

तुमची,
तृप्ती

सिहोरा, ११ ऑगस्ट २०२५

चि. तृप्तीस बाबाचे अनेक आशीर्वाद.

रोवणी आटोपली. आईने टोपलीत पेरलेला गहू छान उगवला. तुझं ऐकून काल दादाकडे गेलो. पंचफुला वहिनीने अंगणात खाट टाकली, पाणी दिलं. दादा काही घरातून निघाला नाही. शेवटी दाराआडून म्हणाला की आमचं भांडण गावातलं होतं, ते दिल्लीले कायले नेलं.

मंगेशने तो व्हिडिओ आंधळगावात पाठवला, तिथून सिहोऱ्यात यायला कितीसा वेळ? पानठेल्यावर लोक पाहून हसतात. पोरं दुपट्टा टाकून दादाच्या मागे फुरंगटून चालतात. वहिनी डोळे पुसत म्हणाली की यंदा हे सोता तुमच्या घरी येनार होते, मंग कोनीतरी मोबाईल दाखवला.

मी कोंब तसेच परत आणले. जगाची भांडणं मिटवायला निघालीस बाई, आणि घरचं मिटत आलेलं पेटवलंस. रागावत नाही, पण वाईट वाटलं ते लपवतही नाही. जेवत जा. माया आहे तशीच आहे.

तुझा,
बाबा

दिल्ली, १९ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप मोठेबाबांस,
तृप्तीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मंगेशने व्हिडिओ पुसला, पण गावातले मोबाईल कोण पुसणार? आणि चूक त्याची नाही, माझी आहे. कोणाचं दुखणं त्याला न विचारता दुसरीकडे सांगू नये, हा आमचा पहिलाच धडा. तो परक्या लोकांसाठी आहे असं मी समजले. घरच्या माणसाला काय विचारायचं, असं वाटलं. तुमच्या खांद्यावर बसून मी तलावावर भुजली पाण्यात शिरवायला जायची, त्याच खांद्याची नक्कल मी करू दिली.

राग माझ्यावर ठेवा, बाबांवर नको. माझी सुट्टी रद्द झाली, इथूनच निघायचं आहे. मोठ्या आईला नमस्कार. लोभ मागायचं तोंड राहिलं नाही.

तुमची,
तृप्ती

सिहोरा, ३० ऑगस्ट २०२५

चि. तृप्तीस मोठेबाबाचे आशीर्वाद.

राग गेला नाही, खोटं कशाला लिहू? पंचफुलाने तो व्हिडिओ मला पुन्हा पाहायला लावला. त्या माणसाला दुपट्टा टाकता येत नाही. पण बोलला ते खरं बोलला. तुझ्या बापाला जे इतक्या वर्षांत कळलं नाही, ते त्या परदेशी माणसाला कसं कळलं, देव जाणे.

तुझा बाप डोमा आला तेव्हा मला उठायचं होतं. पण वाटलं, आता गळाभेट घेतली तरी लोक म्हणतील, नाटकाचा दुसरा अंक सुरू झाला. म्हणून बसून राहिलो. तेव्हापासून पंचफुला माझ्याशी धड बोलत नाही.

सोबत भुजलीचे कोंब पाठवतो. वाळले आहेत. डोमासाठी काढून ठेवले होते. निघताना तू कानावर खोव.

तिकडे कुठे दोन भावांचं भांडण मिटवशील, तेव्हा त्यांची नावं कोणाला सांगू नकोस.

लोभ मागावा लागत नाही.

तुझा मोठेबाबा,
श्रावण