शेवंती, माहेरचं नाव

प्रिय आई,

उद्या तुझ्या नातीचं बारसं. इथेच सौदीत, दम्माममध्ये, आमच्या दोन खोल्यांत. तुला जाऊन वर्ष होत आलं, पण तुझ्या कानावर घातल्याशिवाय तिचं नाव कसं ठेवू? म्हणून लिहायला बसलेय. बाळ झोपलंय तोवर उरकते, नाहीतर काही खरं नाही!

आधी खालच्या मजल्यावरच्या किकुएबाईंचं सांगते. जपानी आहेत, नवरा खफजीला तेलाच्या कामावर. मागे त्या आजारी पडल्या, म्हणून मी पांढरीशुभ्र शेवंती घेऊन गेले. आपल्याकडे देवाला, लग्नाला, सगळीकडे चालते ना! दार उघडून बाई फुलांकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कोण गेलं?"

अगं, त्यांच्याकडे पांढरी शेवंती मयताला वाहतात! मी अशी ओशाळले म्हणून सांगू!

पण त्या खळखळून हसल्या. फुलं पाण्यात ठेवली, चहा केला. म्हणाल्या, "माझं नावही हेच." किकु म्हणजे शेवंती. थंडीत बाकीची फुलं गळतात तेव्हा ही उभी असते, म्हणून दीर्घायुष्याची खूण. त्यांच्या राजघराण्याचं चिन्हही हीच! त्यांच्यात एकाच उच्चाराची बरीच अक्षरं, प्रत्येकाचा अर्थ वेगळा; पुढच्या 'ए'साठी त्यांच्या आजीनं कृपा या अर्थाचं अक्षर निवडलं. दुसरं निवडलं असतं, तर त्या शेवंतीची फांदी झाल्या असत्या. एवढ्याशा हाकेत केवढं काय काय ठेवतात ही माणसं!

मग त्यांनी शेवंतीचं अक्षर काढून दाखवलं. वर गवत आणि खाली ओंजळीत धरल्यासारखा तांदूळ. आई, मला तूच आठवलीस.

तुझी शेवंती तांदळातच तर गेली! लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'शोभा' लिहिलं आणि माहेरचं नाव संपलं. जुन्नरचा मामा फोनवर "शेवंते" म्हणायचा, तेव्हा तुझा आवाज एकदम पोरीसारखा व्हायचा. मी विचारलं की म्हणायचीस, "जाऊ दे गं, गावंढळ नाव ते." गावंढळ? तिकडे राजा मिरवतो ते! हे ऐकायला तू हवी होतीस गं.

बाळाला तुझं नाव, शेवंती, ठेवायचं असं नितीनला सांगितलं, तर तो म्हणतो, "पण तुझ्या आईचं नाव शोभा होतं ना?" बघ, जावयालाच पत्ता नाही! पासपोर्टवर शोभा, मृत्यूच्या दाखल्यावरही शोभा. उद्या मामा गेला, की तुझं खरं नाव घेणारं कुणी उरणार नाही. मला भीतीच वाटली.

सासूबाईंनी 'कायरा' ठरवलं होतं. मी भीत भीत फोन केला. "शेवंती? इंडियन स्कूलमधली पोरं हसतील तिला!" म्हणाल्या. मग मी किकुएबाईंचं आणि तुझ्या नावाचं सगळं सांगितलं. तेव्हा म्हणाल्या, "माझंपण बदललं होतं. चंपा होते मी. ठेव तू शेवंती."

मी त्यांना आजवर सुनंदा म्हणून ओळखत होते, आई! किती जणी अशा नावाखाली नाव दडवून बसल्या असतील?

वचन देते, हिचं नाव हिच्या लग्नातही कुणाला बदलू देणार नाही. उद्या आत्या व्हिडिओ कॉलवरून 'कुर्र' करेल आणि मग मी मोठ्यांदा हाक मारेन, "शेवंती!" ती ओ द्यायला अजून फार लहान आहे. तू दे.

तुझी,
मीना