गिरगावची घाण आणि सरोजिनीचं कॉलेज

गिरगाव, मुंबई
ता. १२ एप्रिल १९३४

ती. अप्पांच्या चरणी कमलाकरचा शि. सा. न. वि. वि.

प्रकृती ठीक आहे, पण जीव किळसला आहे. सबंध मजल्याला एकच संडास. टमरेल घेऊन रांगेत उभं राहावं, तर पुढचा गृहस्थ विडी फुंकत तिथंच थुंकतो. काल खाणावळीच्या आमटीत माशी निघाली. मालकाला दाखवली, तर त्यानं ती बोटानं काढली आणि तीच वाटी पुन्हा माझ्यापुढं सरकवली. ढेकणांचं लिहीत नाही, आई जेवत असेल. मोठ्या शहरात शिकून माणूस सुधारतो म्हणणाऱ्याला महिनाभर इथं ठेवावं.

सौ. आईस नमस्कार, सरोजिनीस आशीर्वाद. लोभ आटू देऊ नये.

आपला,
कमलाकर

सोलापूर
ता. २८ मे १९३४

ती. कमलाकरदादास सरोजिनीचा सा. न. वि. वि.

मी मॅट्रिक पास झाले. पेढे वाटले नाहीत. तुझी पत्रं अप्पा ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतात, हे तू विसरलास का? माशीचं पत्र तर साऱ्या गल्लीनं ऐकलं. शेजारचे वीरभद्रप्पा म्हणाले, की लई वंगाळ गाव हाय, पोरीला धाडू नका. अप्पांना तेवढंच हवं होतं. मी मुंबईच्या कॉलेजचं नाव काढलं, की ते तुझं पत्र पुढं करतात.

अक्कलकोटचं स्थळ जवळजवळ ठरवलंय. मुलगा तपकीर ओढतो, नाक पुसतो आणि त्याच रुमालानं चष्मा पुसतो. चहाची कपबशी मी लांबूनच सरकवली.

तुला तिथं चांगलं काहीच दिसलं नाही? दिसलं असेल तर लगेच लिही, आणि ओट्यावर वाचता येईल असं लिही. माया असू दे.

तुझी,
सरोजिनी

मुंबई
ता. ३ जून १९३४

ती. अप्पांच्या चरणी सा. न. वि. वि.

माशी खरी होती, ढेकूण अजून आहेत. पण मागू ते पुस्तक इथं हातात मिळतं. मागच्या टर्मला प्रोफेसरांनी माझं म्हणणं खोडून काढलं आणि तास संपेपर्यंत माझ्याशी वाद घातला. त्याआधी माझं मत कुणी विचारलंच नव्हतं. मुली पुढच्या बाकावर बसून आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतात. त्यांच्या वसतिगृहाची चौकशी केली, तिथलं स्वयंपाकघर स्वच्छ आहे.

सरोजिनीला पाठवावं. तपकिरीचे रुमाल धुण्यात तिचा जन्म जाऊ नये. रागावलात तरी कृपा ठेवावी.

आपला,
कमलाकर

सोलापूर
ता. ९ जून १९३४

चि. कमलाकर यास अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. हे ओट्यावर वाचलं नाही. तुझ्या फायद्यांनी मी विरघळलेलो नाही, त्या गावाची मला अजून शिसारीच येते. पण तुझ्या आईनं एवढंच विचारलं, की इतकी घाण आहे, तर पोरगा दोन दिवाळ्या झाल्या, घरी का आला नाही. मी तोच प्रश्न वीरभद्रप्पांना केला. ते म्हणाले, की मग त्याला ते गाव ग्वाड लागलं असंल.

अक्कलकोटकरांना नकार कळवला आहे. पुढच्या आठवड्यात सरोजिनीला घेऊन येतो. आई तिच्यासाठी शेंगांची चटणी कुटते आहे आणि मधेच पदरानं डोळे पुसते. मी समजूत घालत नाही. तीही परत यायची नाही, हे आम्ही धरून चाललो आहोत.

आमचा आशीर्वाद तिकडं दोघांत वाटून घ्यावा.

चिंतामणी