पाथरीची जुडी

केज

आई,

जीपवाल्यासंगं धाडलेली पाथरीच्या भाजीची जुडी आजबी पोचली. काळजाचं आपरेशन होऊन महिना न्हाई झाला, तरी बांधावर वाकून तूच खुडली असशील. "भाकरीसंगं कच्चीच खा, बाळंतिणीला लई दूध येतं," असा तुझा निरोपबी आला.

आई, बाळ गेलं. पंधरवडा झाला. तुला सोसायचं न्हाई म्हणून दादानं मला गप बसवलंय, तवा हे पत्रबी माझ्यापाशीच राहील.

तुझी पाथरी मी शेजारच्या छबुबाईच्या शेळीला घालते. शेळीचं दूध वाढलं म्हणून ती मला चहापुरतं आणून देती. एक जुडी कोपऱ्यात तशीच राहिली, तर तिच्या पिवळ्या फुलांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या झाल्या. बाळाला पहिली म्हातारी तू फुंकून दाखवणार होतीस. मी खिडकी लावून घेतली, एकबी बाहेर उडू दिली न्हाई.

उद्या फोनवर तू इचारशील, "दूध येतं का गं?" मी येतं म्हणंन.

ते खोटं न्हाई, आई. अजून येतंय.

तुझी रोहिणी